‘चिनी जेवण’ नावाचा गैरसमज
चिनी माणूस म्हणजे भात खाणारा माणूस, हे विधान आपल्याकडचे सुशिक्षितही बेधडक करतात. वस्तुतः छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेकडचा चीन परंपरेने गहू-राळ्याचा आहे. बीजिंगच्या उपाहारगृहात आधी थंड पदार्थ येतात, मग गरम. नूडल्स, च्याओत्झ वा मान्थोउ हे ‘मुख्य अन्न’ सहसा शेवटी. १९०३ साली एका हुई मुसलमानाने सुरू केलेल्या तुंगलाइशुनमध्ये तर कोळशावर तापणाऱ्या तांब्याच्या भांड्यात मटणाचे पातळ काप जेवणाऱ्याने स्वतःच शिजवायचे आणि तिळाच्या वाटणात बुडवून खायचे.

आणि आपण? ईशान्य चीनमधील मांचुरियाचे केवळ नाव घेऊन मुंबईत जन्मलेल्या ‘मांचुरियन’वरून त्या मुलखाची चव ठरवतो! भांडण त्या पदार्थाशी नाही. तो रुचकर आहे आणि आपलाच आहे. आक्षेप आहे तो त्याला प्रमाण मानण्याला. हीच सवय अनुवादात शिरली की च्याओत्झचा ‘मोमो’ होतो आणि मान्थोउचा ‘पाव’. मग लाओ शच्या कादंबऱ्यांतले बीजिंग आमच्या विद्यार्थ्याच्या हाती लागावे कसे? अनुवादकाने मूळ शब्द राहू द्यावा. वाचक अडखळला तर अडखळू द्यावा. सोयीचा प्रतिशब्द देऊन आपण त्याला बीजिंगला नेत नाही, घरीच बसवून ठेवतो.