ओढ वेगळी, ओरबाडणं वेगळं

पावसाने जोर धरला की आमच्या सिंधुदुर्गातल्या सड्यांवर गाड्या येऊ लागतात. माणसं उतरतात, फुलांचे फोटो काढतात, नावं विचारतात. इथवर आनंदच आहे. पण काहींच्या पिशवीत खुरपं असतं. दीपकाडीचा कांदा, कंदीलपुष्पाचा कंद उपटून घरच्या कुंडीत जातो आणि त्याला 'माझं कलेक्शन' म्हणतात. माझा आक्षेप त्या 'माझं'ला आहे.

यावर इंग्लंडातल्या स्नोड्रॉपच्या शौकिनांचा दाखला दिला जातो. तो पुरता तरी द्या. स्नोड्रॉपच्या रानातल्या मूळ जाती वीसेक, बागेतले वाण मात्र शेकड्यांनी. आतल्या पाकळीवरच्या हिरव्या खुणेवरून हे लोक वाण ओळखतात. 2022 साली असा एक कांदा 1,850 पौंडांना विकला गेला. पण तो बागेतला वाण होता. रानातले कांदे तुर्कस्तानातून इतके उपसले गेले की 1990 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचं नियंत्रण आहे. आपल्या दीपकाडीचे तर बागेतले वाणच नाहीत. जिच्या शास्त्रीय नावात कोकण आहे, ती सड्यावरूनच उपटावी लागते. प्रत्येक कुंडीमागे कातळावर एक खड्डा.

"चिरेखाण हे सगळं खाणारच आहे, आम्ही निदान वाचवतो," असंही म्हणतात. यातली भीती खरी आहे. सातबाऱ्यावर कातळाची नोंद 'पोटखराबा' अशी होते. खराबा म्हटल्यावर त्याला जपणार कोण? पण वाचवणारा माणूस जागा आणि तारीख लिहून ठेवतो, परवानगी घेतो, अभ्यासकाला बोलावतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांच्या जाती जपल्या गेल्या त्या अभ्यासातून. गच्चीवरची बिननोंदीची कुंडी वाळली की ते झाड सड्यावरूनही गेलं आणि घरातूनही.

आमच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतात. त्यातलं एक पान काढून दिवाणखान्यात टांगलं तर भिंतीला चित्र मिळतं, पण कथा तिथेच अडते. सड्यावरची वीतभर माती, साचलेलं पाणी, फुलावर येणारे किडे, हीसुद्धा एक पोथीच आहे.

मी उर्दूही शिकवतो. उर्दूत शौक म्हणजे मनाची ओढ. वस्तू घरी ओढून नेण्याचा अर्थ त्या शब्दात मला कुठे सापडलेला नाही.

तुम्हाला फूल ओळखता येतं ना? मग त्या विद्येची गावाला गरज आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला समिती दिली आहे, लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. गुराख्याला विचारून गावातलं नाव घ्या, शास्त्रीय नाव शेजारी लिहा, फोटो जोडा. नेमकी जागा मात्र मोबाइलवरून गावभर फिरवू नका. उद्या त्याच सड्यावर खाणीचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेच्या हातात 'खराबा' या शब्दाला उत्तर देणारा एक कागद असेल.

कुंडीतला कांदा ग्रामसभेत साक्ष द्यायला येत नाही.