कुठे पाहिले? केव्हा पाहिले?



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्या हातून एक चूक झाली. सहावीतल्या एका मुलीने शाळेच्या आवारातली साळुंकी आणि भांगपाडी मैना यांच्यातला फरक साध्या वहीत लिहून आणला होता. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि जागा. चित्रे मात्र पेन्सिलीची, ओबडधोबड. मी जास्त गुण दिले ते छापील रंगीत चित्रांच्या फाइलींना. मी हिंदी माध्यमात शिकलो. आम्ही दोन्ही पक्ष्यांना 'मैना' म्हणून मोकळे होत असू.

पुढच्याच आठवड्यात वर्गात डार्विन शिकवताना मला ती वही आठवली. १८३५ साली तो 'बीगल' जहाजाने गालापागोस बेटांवर गेला. तिथला मॉकिंगबर्ड हा आपल्या मैनेच्या कुळाचा लांबचा भाऊबंद. सान क्रिस्टोबल बेटावरचा आणि फ्लोरेआना बेटावरचा, दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. पण फ्लोरेआनाच्या पक्ष्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंना गडद डाग. डार्विनला फरक जाणवला आणि पुढे प्रत्येक पक्षी कोणत्या बेटावरचा, हे त्याने लिहून ठेवले. फिंच पक्ष्यांचे नमुने मात्र त्याने बेटवार वेगळे ठेवले नव्हते. त्यासाठी नंतर जहाजावरच्या इतरांच्या नोंदींचा आधार घ्यावा लागला. १८३७ मध्ये जॉन गूल्ड यांनी हे मॉकिंगबर्ड तीन वेगवेगळ्या जातींचे असल्याचे सांगितले. जाती बदलतात, या विचाराला त्यातून बळ मिळाले.

पुढे काही दशकांतच तो पक्षी फ्लोरेआना बेटावरून नाहीसा झाला. माणसांबरोबर आलेले उंदीर आणि मांजरे हे त्याचे मोठे कारण मानले जाते. शेजारच्या चॅम्पियन व गार्डनर या छोट्या बेटांवर तेवढे काही शे पक्षी तगले. दोन्ही पक्षी एकच समजणाऱ्याला त्यातला एक गेल्याचे कळले तरी असते का?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की प्रकल्पाचे गुण सजावटीला नव्हे, निरीक्षणाला द्यावेत. पालकांनी मुलांच्या फाइली स्वतः तयार करू नयेत. सकाळी पंधरा मिनिटे त्यांच्यासोबत अंगणात उभे राहावे. विश्वस्तांना विनंती की प्रत्येक वर्गासाठी एक निसर्गवही आणि शाळेसाठी एक दुर्बीण मंजूर करावी.

त्या मुलीचे गुण मी दुरुस्त केले आहेत. तिची वही ग्रंथालयात ठेवली आहे. सर्वांनी जरूर पाहावी.

— मुख्याध्यापक