हाडांनी सांगितला वाण

बियाणे घेताना आपण आधी वाण विचारतो. नदीत मासे सोडतानाही तेच करावे लागते, बरे का! युरोपातील बाल्टिक समुद्रातून स्टर्जन नावाचा मोठा मासा अतोनात मासेमारीने आणि नद्यांवरील बांधांनी नाहीसा झाला. तो युरोपी जातीचा, अशी समजूत होती. शास्त्रज्ञांनी जुन्या हाडांतला डीएनए, म्हणजे वंशाची खूण, हयात माशांशी ताडून पाहिला. २००२ साली उलगडा झाला : तिथला मासा शेकडो वर्षे अमेरिकी जातीचा होता! मग कॅनडातून तोच वंश आणून पिले ओडर नदीत सोडली. नाहीतर चुकीचाच वाण पेरला गेला असता. तुमच्या नदीतले कोणते मासे दिसेनासे झाले? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि नावे वहीत टिपून ठेवा.