मंदीतील पॅरालीगल : काम टिकले, मोबदला आक्रसला

अमेरिकेत 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळली आणि मंदीची झळ वकिली व्यवसायालाही पोहोचली. हेलर एहरमन आणि थेलन या नामांकित लॉ फर्म त्याच वर्षी बरखास्त झाल्या. या पडझडीत पॅरालीगल या वर्गाचे काय झाले, हे आजही अभ्यासण्यासारखे आहे.

पॅरालीगल म्हणजे वकिलीची सनद नसलेला, परंतु वकिलाच्या देखरेखीखाली दस्तऐवजांची छाननी, संदर्भशोध आणि मसुदे तयार करणारा प्रशिक्षित सहायक. आपल्याकडील वकिलाच्या कारकुनाशी त्याचे साम्य आहे. मात्र अमेरिकेत त्याच्या कामाच्या तासांचे स्वतंत्र देयक लावता येते. हरलेल्या पक्षाकडून खर्च वसूल करताना हे तास बाजारभावाने धरण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ‘मिसुरी विरुद्ध जेन्किन्स’ खटल्यात मान्यता दिली. जून 2008 मध्ये, म्हणजे ऐन संकटाच्या तोंडावर, त्याच भूमिकेचा न्यायालयाने पुनरुच्चार केला.

वकिलापेक्षा स्वस्त आणि तरीही फर्मला उत्पन्न मिळवून देणारा हा कर्मचारी मंदीत सुरक्षित राहील, अशी अटकळ त्यामुळे बांधली जात होती. ती सर्वस्वी चुकीची ठरली नाही. श्रम सांख्यिकी विभागानुसार 2008 मध्ये या पेशात सुमारे 2 लाख 64 हजार रोजगार होते; 2010 मध्ये ते 2 लाख 56 हजार राहिले. शिवाय मंदी स्वतःच न्यायालयीन काम निर्माण करते. दिवाळखोरीचे अर्ज 2007 मधील साडेआठ लाखांवरून 2010 मध्ये सुमारे 16 लाखांवर गेले. कर्जबुडीत घरांच्या जप्तीची प्रकरणे तर इतकी साचली की, कागद न वाचताच प्रतिज्ञापत्रांवर सह्या ठोकण्याचा प्रकार 2010 मध्ये उघडकीस आला.

खरा फटका बसला तो वेतनाला. मे 2008 मध्ये पॅरालीगलचे मध्यक वार्षिक वेतन 46 हजार 120 डॉलर होते. दोन वर्षांनी ते अवघ्या 560 डॉलरनी वाढले होते. सर्वसाधारणपणे या पेशाला जादा तासांचा दीडपट मोबदला कायद्याने लागू आहे. त्यामुळे काम मंदावले की मूळ पगाराला हात न लावताही घरी येणारी रक्कम घटते. ही घट वेतनाच्या आकडेवारीत सहसा दिसत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

स्पर्धाही दोन्ही बाजूंनी आली. नोकरी न मिळालेले विधी पदवीधर दस्तऐवज छाननीचे हंगामी काम स्वीकारू लागले. दुसरीकडे, असे काम परदेशात सोपवणे व्यावसायिक नीतीला सोडून नाही, असे मत अमेरिकन बार असोसिएशनने ऑगस्ट 2008 मध्ये दिले. देखरेखीची जबाबदारी मात्र वकिलावरच ठेवली. त्याचा लाभ झाला तो मुंबईसारख्या शहरांना. मुंबई आणि न्यूयॉर्क येथून काम करणारी, 2004 मध्ये स्थापन झालेली ‘पँजिया3’ ही कंपनी नोव्हेंबर 2010 मध्ये थॉमसन रॉयटर्सने विकत घेतली. तिकडे ज्या कामाचा दर पडला, तेच काम इकडे तरुण विधी पदवीधरांना रोजगार देत होते.

मंदी सरली, तरी ती तूट भरून निघाली नाही. मे 2023 मध्ये मध्यक वेतन 60 हजार 970 डॉलर झाले. महागाईचा हिशेब धरल्यास 2008 च्या वेतनाइतकी क्रयशक्ती राखण्यासाठी ते सुमारे 64 हजार 700 डॉलर असायला हवे होते. याला केवळ मंदी जबाबदार आहे, असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये न्यूयॉर्कमधील संघराज्य न्यायालयाने संगणकाच्या साह्याने दस्तऐवज छाननी करण्यास मान्यता दिली आणि छाननीचे काम माणसांच्या हातून सुटू लागले. श्रम सांख्यिकी विभागाने 2008 ते 2018 या दशकासाठी या पेशात 28 टक्के रोजगारवाढ वर्तवली होती. 2023 ते 2033 साठीचा त्याच विभागाचा अंदाज 1 टक्क्याचा आहे.