संगणकाने जिंकवलेली लढत

२० जानेवारी १९७० च्या रात्री अमेरिका आणि कॅनडातल्या शेकडो चित्रपटगृहांत लोक तिकीट काढून एक मुष्टियुद्ध पाहायला बसले. पडद्यावर होते मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो. तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळवलं आणि पंचाने दहा आकडे मोजले. यात अडचण एवढीच, की मार्सियानो तेव्हा हयातच नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ ला आयोवा राज्यात झालेल्या विमान अपघातात तो गेला होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता.

हा सगळा उद्योग मियामीचा रेडिओ निर्माता मरे वोरोनर याचा. १९६७ मध्ये त्याने निरनिराळ्या काळांतले सोळा हेवीवेट वीर एकमेकांशी लढवायचं ठरवलं. अडीचशेच्या आसपास जाणकारांकडून मतं मागवली, ती आकड्यांत बसवून एनसीआर-३१५ नावाच्या संगणकात भरली आणि बाहेर आलेल्या लढती झोकदार समालोचनासह रेडिओवर ऐकवल्या. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. अली उपांत्यपूर्व फेरीतच गारद झाला, तोही जिम जेफ्रीजकडून, म्हणजे १९०५ मध्ये निवृत्त झालेल्या माणसाकडून! अली खवळला. त्याने वोरोनरवर दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. पुढे तडजोड झाली आणि त्यातूनच मार्सियानोबरोबरच्या चित्रपटाची कल्पना पुढे आली.

अलीलाही तेव्हा पैशाची निकड होती. एप्रिल १९६७ मध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात भरती व्हायला नकार दिला, त्याबरोबर किताब गेला, लढण्याचे परवाने गेले आणि पाच वर्षांची शिक्षाही सुनावली गेली. अपिलामुळे तो तुरुंगाबाहेर होता, पण रिंगमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं. मियामीतल्या स्टुडिओत दोघे १९६९ च्या उन्हाळ्यात समोरासमोर आले. मार्सियानो तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. या चित्रीकरणासाठी त्याने भरपूर वजन उतरवलं होतं आणि टकलावर टोप चढवला होता. एकेका मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या चित्रित झाल्या, शेवट अनेक प्रकारचे घेतले गेले, आणि नेमका कोणता दाखवणार हे दोघांनाही सांगितलेलं नव्हतं. निकाल पाहिल्यावर, हा संगणक अलाबामात बनवलेला दिसतो, असा शेरा अलीने मारला. वर्णद्वेषासाठी बदनाम असलेल्या राज्याचं नाव त्याने काही उगाच घेतलं नव्हतं.

संगणकाला अर्थात स्वतःचं मत नव्हतं. माणसांनी भरलं तेच त्याने ओकलं. पण तेराव्या फेरीचा हा शेवट कुठून आला असेल, याचा अंदाज बांधता येतो. २३ सप्टेंबर १९५२ ला फिलाडेल्फियात मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून विश्वविजेतेपद घेतलं, तेही तेराव्याच फेरीत. पहिल्या फेरीत तो स्वतः खाली बसला होता, बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे होता, आणि मग उजव्या हाताच्या एका ठोशात सारं फिरलं. चित्रपटाची कथा जवळपास तीच आहे. ज्या प्रेक्षकांना बडबड्या, लष्कराला नकार देणारा अली पडलेला पाहायचा होता, त्यांना जुनाच आवडता शेवट नव्या वेष्टनात मिळाला.

तरी मार्सियानोला हसण्यावारी नेणाऱ्यांनी त्याचा हिशेब एकदा नीट वाचावा. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. ब्रॉकटन या बूट-कारखान्यांच्या गावातला, इटालियन स्थलांतरितांचा हा मुलगा हेवीवेटच्या मानाने बुटका होता. उंची पावणेसहा फुटांच्या थोडी वर, हातांची लांबी जेमतेम ६८ इंच. प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने ही उणीव झाकण्याऐवजी त्याला आणखी वाकायला शिकवलं. समोरच्याला खाली वाकून मारावं लागे आणि वरून आडवा येणारा मार्सियानोचा उजवा हात दिसत नसे. रोलंड लास्टार्झाविरुद्ध १९५३ मध्ये त्याने दंडांवरच इतके ठोसे हाणले, की त्या माणसाला बचावासाठी हात वर धरणंही अवघड झालं. अली पळेल तर पळू दे, आपण हात आणि बरगड्या कुटत राहायच्या, हे मार्सियानोच्या बाजूचं सर्वांत सबळ म्हणणं. त्याचा दम पंधरा फेऱ्या पुरत असे, हे १९५४ च्या एझार्ड चार्ल्सबरोबरच्या पहिल्या लढतीत दिसलंच होतं.

दोघांशीही लढलेला एक माणूस आहे: आर्ची मूर. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडलं आणि पुढे पाच वेळा स्वतः पडून नवव्या फेरीत हरला. नोव्हेंबर १९६२ मध्ये कॅशियस क्ले (म्हणजे पुढचा मुहम्मद अली) नावाच्या वीस वर्षांच्या पोराने त्याला चौथ्या फेरीत संपवलं, तेही आधी फेरी जाहीर करून. पण या साक्षीला फार वजन देता येत नाही. मूरच्या जन्मवर्षावरच वाद आहे, आणि क्लेसमोर उभा राहिला तेव्हा तो कोणत्याही हिशेबाने पंचेचाळिशी गाठलेला होता.

खरी साक्ष जो फ्रेझियरची. मार्सियानोसारखाच बुटका, वाकून आत शिरणारा, थांबायचं माहीत नसलेला. ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने अलीला पंधराव्या फेरीत पाडलं आणि गुणांवर हरवलं. मार्सियानोचे चाहते हा पुरावा टेबलावर आपटतात. पण अलीला पाडणाऱ्या ठोशांकडे बारकाईने पाहिलं, तर चित्र बदलतं. १९६२ मध्ये सॉनी बँक्स, १९६३ मध्ये हेन्री कूपर, १९७१ मध्ये फ्रेझियर, तिघांनीही त्याला डाव्या हूकनेच खाली बसवलं. हात खाली ठेवून मागे झुकणाऱ्या अलीची ती उघडी बाजू होती. मार्सियानोला डावा हूक येत होता, पण त्याची सारी कीर्ती उजव्या हाताची. शिवाय त्या रात्री फ्रेझियरचं वजन २०५ पौंड होतं, मार्सियानो आपल्या शेवटच्या लढतीत १८८ पौंडांचा. आजच्या नियमांनुसार तो हेवीवेटसुद्धा नाही, क्रूझरवेट ठरला असता.

आणि मग राहतो चेहऱ्याचा प्रश्न. सप्टेंबर १९५४ मध्ये चार्ल्सबरोबरच्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोचं नाक असं फाटलं, की कोपऱ्यातल्या मंडळींना रक्त थांबवेना. लढत थांबवली जाण्याआधी आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला झोपवलं म्हणून किताब वाचला. चार्ल्सचा हात जिथे पोहोचला तिथे अलीचा जॅब पोहोचणार नाही, असं कोण म्हणेल? अलीचे हात मार्सियानोपेक्षा दहा इंचांनी लांब होते. त्याच्या ठोशांत ताकद नाही अशी टीका व्हायची, पण ते कातडी चिरत. कूपरविरुद्धच्या १९६३ आणि १९६६ च्या दोन्ही लढती डोळ्याजवळच्या जखमांमुळेच थांबल्या.

म्हणून नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली आणि वॉलकॉटला हरवणारा मार्सियानो असे दोघे रिंगमध्ये सोडले, तर पहिल्या पाच फेऱ्या अलीच्या. सहावी ते आठवी मार्सियानो त्याला दोरांपाशी गाठेल, बरगड्यांवर हात टाकेल, आणि प्रेक्षकांना वाटेल, आता काहीतरी होणार. तोवर मार्सियानोची डावी भुवई फुटलेली असेल. दहाव्या फेरीत डॉक्टर मान हलवतील. गंमत म्हणजे वोरोनरने जखमांमुळे अली जिंकतो असाही शेवट चित्रित केला होता आणि तो युरोपातल्या प्रेक्षकांना दाखवला गेला. त्यांनी जे पाहिलं ते अमेरिकेत दाखवलेल्या शेवटापेक्षा पुराव्याच्या अधिक जवळचं होतं.

अट एकच: अली कोणत्या वर्षीचा, हे आधी ठरवून घ्यावं. १५ फेब्रुवारी १९७८ ला लास व्हेगासमध्ये जेमतेम सात व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेल्या, दोनशे पौंडही न भरणाऱ्या लिऑन स्पिंक्सकडून जो हरला, तो अली समोर असेल तर पैज मार्सियानोवर लावा.