पाण्याची वही गावाने ठेवावी



१९९६ साली कारखान्यांसाठी आयएसओ १४००१ हे मानक निघाले. 'पर्यावरण व्यवस्थापन' हे नाव जड आहे, पण आतला मामला साधा आहे. आपण काय वापरतो, काय बिघडवतो ते मोजायचे, लिहायचे, नियम ठरवायचे आणि ठरल्या वेळी तपासून दुरुस्ती करायची. कारखानदार हे करतो, कारण खर्च वाचतो आणि गिऱ्हाईक टिकते. आमचे म्हणणे असे की, ही रीत कोरडवाहू गावाला अधिक लागू आहे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर पाणी. ६०० मिलिमीटर पडला तर ६० लाख लिटर! त्यातले मुरले किती, वाहून गेले किती, उपसले किती, याची नोंद आपल्या किती गावांत आहे?

आपल्याच जालना तालुक्यात कडवंचीला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथा ते पायथा कामे झाली. २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा टिकल्या. नगरकडच्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंदच ग्रामसभेत मांडला. आधी माणसे व जनावरे, मग पिके. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही.

कोणी विचारील, वहीने कापसाचा भाव वाढतो काय? नाही वाढत. भावाची लढाई चालूच राहील. पण ज्वारीला एक पाणी मिळणे आणि कपाशीची एक फवारणी वाचणे हे आपल्या हातात आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. औषध कोणते, किती आणि कितीदा मारले, हेही याच वहीत यावे.

मात्र वही दप्तरात पडून राहिली तर ती सरकारी कागदांतली आणखी एक भर ठरेल. विहीर उपसून शेततळे भरणाऱ्याचे पाणीही तीत लिहिले पाहिजे, मग तो गावचा पुढारी का असेना. लहानाला एक नियम आणि मोठ्याला दुसरा असेल, तर ते निव्वळ थोतांड होय.

म्हणून प्रत्येक गावाने या बैठकीतून तीन गोष्टी ठरवून जावे. गावात एक पर्जन्यमापक बसवायचा. निवडक विहिरींची पातळी दर महिन्याला मोजायची. आणि रब्बीच्या पेरणीआधी ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचायची.