वेदना सोसणे हा उपचाराचा भाग नाही

किरणोपचाराच्या यंत्राखाली झोपलेल्या रुग्णाला त्या काही मिनिटांत काहीच जाणवत नाही. पहिला आठवडा असाच निघून जातो आणि घरच्यांना वाटते, ‘लाइट घेणे’ म्हणजे एवढेच. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाची खरी परीक्षा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते. तोंड आतून लाल होते, सोलवटते, जखमा पडतात. तिखट सोडाच, मऊ वरणभातही गिळवत नाही. पुढे पाण्याचा घोटही नकोसा होतो. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्याला मुख्यतः तंबाखू कारणीभूत आहे. त्यामुळे हा त्रास मूठभरांचा नाही.

या वेदनेचे कारण सरळ आहे. तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशी सतत झडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. किरणांमुळे नव्या पेशी तयार होणे मंदावते आणि उघड्या जखमा मागे राहतात. वैद्यकीय भाषेत याला म्युकोसायटिस म्हणतात. सोबत सिस्प्लॅटिनसारखी केमोथेरपी असेल, तर त्रास आणखी वाढतो. मात्र हे आजार बळावल्याचे लक्षण नव्हे. उपचार संपल्यावर बहुतेकांच्या जखमा काही आठवड्यांत भरून येतात. ही गोष्ट रुग्णाला आधीच सांगितली, तर निम्मी भीती तिथेच कमी होते.

पण प्रश्न केवळ त्रासाचा नाही, बरे होण्याचाही आहे. तोंड-घशाच्या कर्करोगात आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवड्यांत ३० ते ३५ वेळा किरण दिले जातात. साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कर्करोगपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. त्यामुळे उपचार लांबला, तर प्रत्येक वाया गेलेल्या दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्का किंवा त्याहून अधिक घटते, असे मानले जाते. वेदना तीव्र होतात त्या नेमक्या याच आठवड्यांत. खाणे तुटते, वजन उतरते, अंगात त्राण राहत नाही, आणि ‘आता नको’ म्हणून रुग्ण गावी परततो. वेदनेकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने थेट उपचाराच्या मुळावर येते.

तरीही रुग्ण बोलत नाही. बाह्यरुग्ण विभागात रांग मोठी, डॉक्टर घाईत, आणि ‘एवढे सोसावेच लागते’ ही घरची शिकवण. मग औषधाच्या दुकानातून गोळी आणली जाते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सिस्प्लॅटिन चालू असताना मूत्रपिंडाला धोकादायक ठरू शकतात, हे त्या गोळीसोबत कोणी सांगत नाही.

वास्तविक उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, जेवणापूर्वी तोंड बधिर करणारे औषध, तोंडात बुरशी आल्यास तिच्यावर उपचार, गिळणे अशक्य झाल्यास नाकावाटे नळीने अन्न. आणि एवढ्याने भागले नाही, तर मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी त्याची शिफारस केली. पण आपल्याकडे मॉर्फिन म्हणजे ‘शेवटचे औषध’ हा समज घट्ट आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. जखमा भरल्या की मात्रा हळूहळू कमी करून ते थांबवता येते. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध द्यावे लागते.

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. मॉर्फिन अफूपासूनच बनते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील किचकट परवान्यांमुळे ते रुग्णांपासून दुरावले. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट बरीच मोकळी केली. मान्यताप्राप्त रुग्णालयाला आता अनेक परवान्यांसाठी निरनिराळी दारे ठोठावावी लागत नाहीत. मात्र कायदा बदलला म्हणून रुग्णालयाच्या कपाटात औषध आपोआप येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, नोंदी ठेवाव्या लागतात आणि डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण द्यावे लागते.

किरणोपचाराचे यंत्र बसवले की कोट्यवधींच्या खर्चाचे उद्घाटन होते. तिथे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रत्येक केंद्राने रुग्णाची वेदना शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर नियमित नोंदवावी. किती जणांनी उपचार अर्धवट सोडले आणि का, याचा हिशेब ठेवावा. राज्य सरकारनेही केंद्राला निधी देताना वेदनाशमनाची सोय ही अट घालावी. घरच्यांनीही रुग्णाला ‘धीर धर’ म्हणण्याआधी ‘किती दुखते’ हे विचारावे आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.